प्रवेश परीक्षेचे गुण आणि घरातील सराव
(नवदीक्षित बौद्ध पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आज आपल्यापुढे मांडण्यासाठी जो विषय मला दिला आहे तो वरवर पाहता धम्माचा नाही. बारावीत शिकणाऱ्या मुलामुलींनी प्रवेश परीक्षेत अधिक गुण कसे मिळवावेत, हा शिकवणी वर्गाच्या जाहिरातीतला विषय झाला, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. परंतु ज्या कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली त्यांच्याशी बोलताना हा विषय मला धम्माच्या अगदी जवळचा वाटतो. दीक्षेच्या दिवशी आपण नवस सोडले, अंगारा सोडला, मुहूर्त सोडला. पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही समजूतही त्याच दिवशी आपण घराबाहेर काढली. मग मुलाला ७२० पैकी २१० गुण पडले की "त्याच्या नशिबातच डॉक्टर होणे नाही" हे शब्द आपल्या ओठांवर कोठून येतात? सटवाईला पुढल्या दाराने घालवून मागल्या दाराने आत घेण्यासारखेच हे झाले.

याहूनही सावध राहावे असे दुसरे एक वाक्य आहे. "आमच्या मुलीला गणिताचे डोकेच नाही." हे वाक्य शिकलेली माणसेसुद्धा बोलतात, आणि त्यात देवाचे नाव नसल्यामुळे ते शास्त्रीय वाटते. वस्तुतः तेही कपाळावरचे लिखाणच होय. फक्त शाई बदललेली आहे. माणसामाणसांच्या गतीत फरक असतो हे मी नाकारीत नाही. परंतु आज मिळालेले गुण हे आजवर झालेल्या कामाचे माप असते, आणि काम बदलले की माप बदलते. कारण असेल तर परिणाम होतो आणि कारण काढून घेतले तर परिणामही जातो, असे मानणाऱ्या धम्मात आपण आलो आहोत. कमी गुणांचीही कारणे असतात. ती शोधता येतात, वहीत लिहिता येतात आणि एकेक करून काढता येतात.

१९०७ साली परमपूज्य बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. शेकड्याने पाहिले तर ते ३८ सुद्धा भरत नाहीत. त्या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. आपल्या दीक्षेचा एक धागा मागे मागे नेला तर तो एका परीक्षेच्या निकालापाशी जाऊन पोहोचतो, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. त्याच विद्यार्थ्याने १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी संपादन केली. २८२ या आकड्यावरून त्यांची योग्यता ठरविणारा मनुष्य किती हास्यास्पद ठरला असता, याचा विचार आपल्या मुलाची गुणपत्रिका हाती घेताना अवश्य करावा.

आता या कथेतील दुसऱ्या पुरुषाकडे वळू या. तो म्हणजे बाप. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. परंतु महाविद्यालयात शिकण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती. परळच्या चाळीतील एका खोलीत संसार, चूल आणि झोपणे सारे एकत्र. तेथे अभ्यासाला जागा कोठली? त्यांनी अशी व्यवस्था लावली की भीमरावांनी संध्याकाळी लवकर झोपावे, आपण रात्री दोन वाजेपर्यंत जागावे, दोनला मुलाला उठवून दिव्यापाशी बसवावे आणि मगच आपण अंग टाकावे. पुस्तकासाठी पैसे नसले म्हणजे ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत. या हकिगतीतील रात्रीचे दोन वाजणे तेवढे लोकांच्या लक्षात राहते आणि भीमराव लवकर झोपत असत हे विसरले जाते. दोन वाजताचे अनुकरण कोणी करू नये. अनुकरण करावे ते व्यवस्थेचे. पुढच्या वर्गातील विषय बापाला स्वतः येवोत वा न येवोत, मुलाच्या हाती वेळ, जागा आणि पुस्तक असलेच पाहिजे, एवढे काम रामजींनी आपल्या शिरावर घेतले होते. ते काम आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल. जो भाजीची गाडी लावतो त्यालाही आणि जी चार घरची धुणीभांडी करते तिलाही.

यावर पहिली शंका निघते ती अशी: "साहेब, आम्हाला फिजिक्सचे अक्षर कळत नाही, आम्ही काय मदत करणार?" तिचे उत्तर देण्यापूर्वी अभ्यास म्हणजे काय, याबद्दलची एक मोठी गैरसमजूत दूर करावी लागेल. आपल्या घरातून अभ्यास म्हणजे वाचन, असे धरले जाते. मूल पुस्तक उघडून तीन तास बसले की आईबापांना समाधान वाटते. पुस्तकाच्या ओळींखाली पिवळ्या रंगाच्या रेघा ओढल्या की मुलालाही समाधान वाटते. हे समाधान फसवे आहे. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. त्यानंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूस ठेवून आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; त्यांना शेकडा ८१ आठवले, लिहिणाऱ्यांना ७५. पण आठवड्याने पुन्हा तपासले तेव्हा वाचणाऱ्यांजवळ ४२ उरले होते आणि लिहिणाऱ्यांजवळ ५६. म्हणजे वाचणाऱ्याला आज असे वाटते की आपल्याला सारे येते, आणि परीक्षा आज नसते! २०१३ साली डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींची छाननी केली. तीतही पुन्हा पुन्हा वाचणे व रेघा ओढणे या पद्धती खालच्या दर्जाच्या ठरल्या, आणि स्वतःची चाचणी घेणे व अभ्यास दिवसादिवसांच्या अंतराने विभागणे या दोन सर्वांत उपयुक्त ठरल्या.

आता शंकेचे उत्तर. मुलाने धडा वाचला की पुस्तक आईच्या हाती द्यावे. आईने ते मिटून मांडीवर ठेवावे आणि म्हणावे, "सांग आता, काय वाचलेस?" मुलाने मराठीत, घरच्या बोलीत सांगावे. आईला वाचता येत नसले तरी काही बिघडत नाही. मूल कोठे अडखळले, कोठे "ते असं असतं" म्हणून पुढे सटकले, हे निरक्षर आईलाही शिक्षकाइतकेच कळते. कित्येकदा अधिक कळते, कारण तिला मुलाचा चेहरा वाचता येतो. जेथे ते अडखळले तेथे पुस्तकात कागदाचा तुकडा घालून ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्या तुकड्यापासून सुरुवात. या शिकवणीला फी नाही.

यानंतरचे पाऊल म्हणजे खरा पेपर. मागील वर्षांच्या नीट परीक्षेच्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. एक पेपर छापून घ्यावा, घड्याळ लावावे आणि मूल तयार असो वा नसो, ते तीन तास बसवावे. "अभ्यासक्रम पुरा झाल्यावर पेपर सोडवीन" हे मुलांचे ठराविक उत्तर असते, आणि ते मान्य केले तर पेपर एप्रिलपर्यंत उघडला जात नाही. अभ्यासक्रम पुरा झालेला नसताना, झालेल्या धड्यांपुरते का होईना, पण वेळ लावून सोडविणे आवश्यक आहे. पहिल्या पेपरचे गुण वाईट येणारच. ते पाहून घरात एक शब्दही वावगा निघता कामा नये. शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच नको. ते गुण भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत लिहावेत आणि सोडून द्यावेत.

येथे खर्चाबद्दल एक स्पष्ट मत देतो. पुष्कळ पालक दहावीचा निकाल लागताच शहरातील मोठ्या वर्गात नाव घालण्यासाठी कर्ज काढतात, क्वचित शेताचा तुकडाही विकतात. वर्ग वाईट असतात असे मी म्हणत नाही. पण ज्या मुलाने अद्याप एकही जुना पेपर वेळ लावून सोडविलेला नाही, त्याला नेमके काय येत नाही हे त्याच्या पालकांनाही ठाऊक नाही आणि वर्गवाल्यांनाही ठाऊक नाही. औषध कोणते हवे हे कळण्यापूर्वी दुकान विकत घेण्याचा हा प्रकार आहे. आधी पाच पेपर, मग वर्गाचा विचार.

पेपर सोडविल्यानंतर जे काम उरते तेच खरे काम, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी होत नाही. उत्तरे जुळवायची, बेरीज करायची, उसासा टाकायचा आणि दुसऱ्या पेपराला लागायचे, असा क्रम चालतो. अशाने पन्नास पेपर सोडविले तरी गुण जागचे हलत नाहीत. तीन तासांच्या पेपराला निदान तीन तास तपासणी द्यावी. एक शंभर पानी वही घ्यावी आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न तीत उतरवून, तो का चुकला हे मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे. कारणे साधारणपणे तीन जातींची निघतात. (जात हा शब्द येथे तरी वापरू द्या, वहीतील जाती मोडता येतात!) पहिली, तो भाग येतच नव्हता. दुसरी, येत होता पण प्रश्न नीट वाचला नाही, चिन्ह चुकले, एकक बदलायचे राहिले. तिसरी, वेळ पुरला नाही. या तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. जे येतच नव्हते त्यासाठी पुस्तकाकडे परत जावे लागेल. घाईच्या चुकीला पुस्तक काही करू शकत नाही; तिथे प्रश्नातील शेवटचे वाक्य बोटाने धरून वाचण्याची सवय लावावी लागते. आणि वेळेचे दुखणे घड्याळापुढे बसल्यावाचून बरे होत नाही. एका विद्यार्थिनीची वही मी पाहिली होती. तिला वाटत होते की आपले रसायनशास्त्र कच्चे आहे. महिनाभराच्या नोंदी मोजल्या तेव्हा तिच्या निम्म्याहून अधिक चुका दुसऱ्या जातीच्या निघाल्या. रसायनशास्त्र तिला येत होते. प्रश्नातील 'नाही' हा शब्द तिच्या डोळ्यांतून निसटत होता.

चुकलेला प्रश्न त्याच दिवशी समजून घेतला म्हणजे संपला असे नाही. तो दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने, उत्तर झाकून पुन्हा सोडवावा. वडिलांनी येथे एक काम करावे. वही उघडावी, आठवड्यापूर्वीच्या पानावर बोट ठेवावे आणि म्हणावे, "हा करून दाखव." उत्तर बरोबर की चूक हे पाठीमागे लिहिलेलेच असते. तीन वेळा बरोबर आला की त्या प्रश्नावर निळी काट मारावी. वही निळी होत गेलेली मुलालाही दिसते आणि घरालाही दिसते.

भगवान बुद्धांनी साधनेविषयी सांगताना सुताराच्या वाकसाचा दाखला दिला आहे. वाकसाच्या दांड्यावर सुताराच्या बोटांच्या खुणा पडतात. आज दांडा किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. पण झिजला म्हणजे झिजला हे त्याला कळते. सरावाने वाढणारे गुणही असेच असतात. या रविवारी ३१०, पुढल्या रविवारी २९५, त्यापुढे ३२५. मधल्या २९५ ने घाबरून जाणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. एका पेपरात आणि दुसऱ्यात अवघडपणाचा फरक असतो, झोपेचा फरक असतो. सहा आठवड्यांचे आकडे एकापुढे एक मांडून मगच काय ते बोलावे.

आता परीक्षेच्या रचनेबद्दल, कारण रचना न कळल्यामुळे हातचे गुण जातात. २०२५ सालच्या नीट परीक्षेत १८० प्रश्न होते आणि १८० मिनिटे होती. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. त्याच वर्षीच्या राज्याच्या सीईटीत भौतिक व रसायन या विषयांचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत आणि गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे होते. गणिताच्या प्रश्नाला २ गुण, इतरांना १, आणि चुकीला वजाबाकी नाही. म्हणजे भौतिक-रसायनाच्या एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळाली आणि गणिताच्या प्रश्नाला १०८. बोर्डाच्या परीक्षेसाठी पाच गुणांचे उत्तर सावकाश लिहिणारा हुशार विद्यार्थी येथे मागे पडतो तो या ५४ सेकंदांमुळे. अभ्यास करूनही "पेपर लांब होता" असे म्हणत तो बाहेर येतो. त्यावर उपाय म्हणजे पेपर तीन फेऱ्यांत सोडविणे. पहिल्या फेरीत जे पाहताक्षणी येते तेवढेच घ्यावे आणि अडले की लगेच पुढे जावे. दुसऱ्या फेरीत ज्यांना कागदावर आकडेमोड हवी ते, आणि उरलेल्या वेळात उरलेले. अडलेल्या प्रश्नाला सोडून पुढे जाणे मुलांना अपमानास्पद वाटते. ही सवय घरच्या सरावातच लागते, परीक्षेच्या दिवशी लागत नाही.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, हा वाद प्रत्येक घरात होतो. त्याचा निकाल साध्या गणिताने लागतो. वजाबाकी नसलेल्या परीक्षेत एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे गुण रस्त्यावर टाकणे. नीटसारख्या परीक्षेत चार पर्यायांपैकी एकही वगळता येत नसेल, तर अशा शंभर प्रश्नांत सरासरीने २५ बरोबर येतील आणि ७५ चुकतील. १०० गुण मिळाले, ७५ गेले, हाती २५. एवढ्यासाठी शंभर प्रश्नांवर वेळ घालविण्यात अर्थ नाही. परंतु विचार करून दोन पर्याय खात्रीने वगळता आले तर शंभरांत ५० बरोबर येतील. २०० मिळाले, ५० गेले, हाती १५०. तेव्हा मुलाला "अंदाज करू नकोस" असा सरसकट उपदेश करण्यापेक्षा किती पर्याय वगळता आले, हे विचारावे. सीईटीचा निकाल पर्सेंटाईलमध्ये येतो. ९० पर्सेंटाईल म्हणजे शंभरांपैकी ९० गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी ९० जण आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत, असा त्याचा अर्थ. हे न कळल्यामुळे काही घरांत उगाच पेढे वाटले जातात, तर काही घरांत उगाच रडारड होते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण निराळी आहे. नीट मराठीतूनही देता येते. परंतु भाषांतरात संदिग्धता आढळली तर इंग्रजी मजकूर प्रमाण धरला जातो. राज्याच्या सीईटीत गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. मुलाला गणित येते, पण प्रश्नातील 'ॲट लीस्ट' म्हणजे कमीत कमी आणि 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त, यातच त्याचा गोंधळ होतो. 'एक्सेप्ट' आणि 'इनकरेक्ट' हे शब्द तर दरवर्षी कित्येकांना बुडवितात. असे शे-दीडशे शब्द असतील. ते चुकांच्या वहीच्या मागील पानांवर लिहून रोज पाच पाठ करावेत. महिन्याभरात काम होते. इंग्रजीचे भय बाळगून विज्ञान शाखाच सोडणारी मुले पाहिली म्हणजे वाईट वाटते. अडसर असतो फक्त दीडशे शब्दांचा.

राखीव जागांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. "आपल्याला सवलत आहे, कशाला एवढी मरमर?" असे म्हणणारे आपल्यातही आहेत, आणि "यांना गुणांशिवाय जागा मिळतात" असे टोमणे मारणारे बाहेर आहेत. दोघांनाही एकच उत्तर पुरते. राखीव जागा हा संविधानाने दिलेला हक्क आहे. ती कोणाची भिक्षा नव्हे, आणि ती घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. त्याबरोबरच १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व सांगितले आहे. राखीव प्रवर्गातील उमेदवार आपल्या गुणांवर खुल्या स्पर्धेत निवडला गेला तर त्याची गणना राखीव कोट्यात होत नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमच्या मुलीने सरावाने गुण वाढवून खुल्या यादीत स्थान मिळविले, तर राखीव जागा मोकळी राहते आणि ती एखाद्या दूरच्या तांड्यावरील किंवा वाडीवरील अनुसूचित जातीच्या मुलाला मिळते. तुमच्या घरातील एका मुलीच्या सरावातून दोन घरे वर येतात.

परंतु हक्क कागदावाचून बजावता येत नाही. नवदीक्षितांनी याबाबतीत विशेष जागरूक राहावे. केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. तोपर्यंत केंद्राच्या सवलती धर्मांतरितांना नाकारल्या जात असत. आज धर्म बौद्ध लिहिल्याने सवलत जाते, ही समजूत निराधार आहे, आणि त्या भीतीने मुलाच्या दाखल्यावर जुना धर्म चालू ठेवण्याचे कारण नाही. तथापि महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही लागते आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासूनचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, गावचा जन्ममृत्यू नोंदीचा उतारा शोधण्यात महिने जातात. ते काम मूल अकरावीत असतानाच वडिलांनी अंगावर घ्यावे. मुलाने मे महिन्यात गुण मिळविले आणि जुलैत कागद नाही म्हणून जागा गेली, असे घडले तर तो दोष मुलाचा राहणार नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. तिच्या अटी समाज कल्याण कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचाराव्यात, ऐकीव माहितीवर राहू नये.

आता सरावाच्या अतिरेकाबद्दल. सोण नावाच्या भिक्षूने चालून चालून पाय रक्तबंबाळ केले, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेची आठवण दिली. फार ताणलेली तार वाजत नाही आणि फार सैलही वाजत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला निदान आठ तास झोप हवी. आठवड्यातून एक संध्याकाळ त्याची स्वतःची हवी. गुण कमी आले म्हणून अबोला धरणे हा मारण्याइतकाच क्रूर प्रकार आहे. मूल जेवेनासे झाले, मित्रांना टाळू लागले, "माझा काही उपयोग नाही" असे बोलू लागले, तर पेपर आणि वही त्याच दिवशी बाजूला ठेवावी, त्याच्याजवळ बसावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. परीक्षा पुढल्या वर्षी पुन्हा देता येते. परीक्षेच्या सकाळी परित्राणपाठाने मन शांत होत असेल तर तो जरूर म्हणावा. त्याने गणित सुटत नाही, पण हात थरथरत नाहीत.

शेवटी या विहाराबद्दल. आपल्या वस्तीतील बहुतेक घरे एका खोलीची आहेत. टीव्ही चालू असतो, लहान भावंडे असतात, पाण्याची वेळ असते. अशा घरात तीन तास सलग पेपर होणे कठीण. विहाराची ही खोली रविवारी दुपारी रिकामी असते. २०२५ ची नीट परीक्षा ४ मे रोजी दुपारी २ ते ५ या वेळात झाली. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळी. तेव्हा आपणही सराव त्याच वेळी ठेवावा. येत्या रविवारपासून दुपारी पावणेदोनला दार उघडेल आणि दोनला बंद होईल. मुलांनी काळे पेन, पाण्याची बाटली आणि चुकांची वही आणावी. मोबाईल दाराशी टोपलीत ठेवावा. पहिल्या तीन रविवारांच्या प्रश्नपत्रिकांच्या आणि गोल रंगविण्याच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती छापण्याचा खर्च उपासक-उपासिकांच्या वर्गणीतून निघाला आहे. पर्यवेक्षणासाठी दर रविवारी दोन पालक लागतील. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. घड्याळ कळले आणि तीन तास शांत बसता आले की पुरे. ज्यांना जमेल त्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणीसांकडे नाव द्यावे. पेपर तपासण्यासाठी आपल्यापैकी जी मुले पुढे गेली आहेत, अभियांत्रिकीत किंवा वैद्यकीय महाविद्यालयात आहेत, त्यांनी पाचनंतर तासभर थांबावे अशी माझी विनंती आहे. मुलींना परतताना अंधार होणार नाही, अशा बेताने सारे आटोपू.

जय भीम.